दिवस कलला की झरा हरणांचा

वनरक्षकाच्या नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हा मला वाटलं होतं, आता घनदाट जंगलात राहायला मिळणार. प्रत्यक्षात चाकणहून तासभर सायकल मारल्यावर एक उघडाबोडका डोंगर लागला. हेच आमचं राखीव जंगल. कडेनं दगड रचून, चुना फासून केलेल्या हद्दीच्या खुणा होत्या म्हणून जंगल कुठं सुरू होतं ते कळायचं. डोंगराच्या पायाशी चाळीस-पन्नास उंबऱ्यांचं गाव होतं. माथ्यावर चढलं की एका बाजूला पुणे-नाशिक रस्ता दिसायचा आणि हवा स्वच्छ असेल तर दूर पिंपरीकडच्या कंपन्यांचा धूर.

मी नगरकडचा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत होतो. घरात सरकारी नोकरी लागलेला मी पहिलाच, त्यामुळे खाकी कपडे घालताना छाती जरा जास्तच फुगायची. गावानं ती पहिल्या आठवड्यातच खाली आणली. गार्ड म्हणजे कुऱ्हाडी जप्त करणारा माणूस. मी पायवाटेला लागलो की बाया मोळ्या टाकून पळत. पुरुष रामराम घालत, पण पारावर मी टेकलो की एकेक जण उठून जाई. ते खाकीमुळे की जातीमुळे, हे मी कधी विचारलं नाही. राहायला शाळेमागची खोली मिळाली आणि पाणी मी गावाबाहेरच्या आमच्या वस्तीच्या आडावरून आणायचो.

पहिली दोन वर्षं अशीच गेली. डोंगरावर जनावर बऱ्यापैकी होतं. ससे, साळिंदर, मोर, एखादं तरस, आणि मुख्य म्हणजे चिंकारा. गावात त्याला नुसतं हरण म्हणत. बारीक अंगाचं, विटकरी रंगाचं, सरळ शिंगांचं. रिकाम्या दिवशी तरणी पोरं कुत्री घेऊन वर जात आणि संध्याकाळी एखाद्या घरातून मटणाचा वास येई. मला तो कळायचा आणि मला कळतो हे गावालाही ठाऊक होतं. एकटा माणूस पन्नास उंबऱ्यांशी किती भांडणार?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी खरवडून झाल्या, आमच्या वस्तीचा आडही आटला. खात्यानं डोंगरावर समतल चर खणायचं काम काढलं आणि त्यावर देखरेख करायला मला नेमलं. ज्यांच्या कुऱ्हाडी मी जप्त केल्या होत्या, त्याच बायाबापड्या आता माझ्यासमोर हजेरीला उभ्या राहू लागल्या. वरची आळी आणि वस्ती एकाच टोळीत. दुपारी सगळ्यांना सुकडी, म्हणजे सरकारी पिठाचा गोडसर खाऊ मिळायची, घरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या घशाखाली उतरत नसत, पण खात होते सगळे.

टोळीत एक बाई होती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, कारण ती गावचीच लेक. नवरा लवकर गेला, तेव्हा कडेवरचं पोर घेऊन माहेरी परत आलेली. भावांच्या आधारानं राहायची, स्वतःची गुंठाभर जमीन नाही. आता ते पोर वीस-एकवीस वर्षांचं झालं होतं. चाकणला कांद्याच्या बाजारात हमाली करायचं आणि पिंपरीच्या कंपनीत लागायची वाट बघायचं. आत्या पन्नाशीची असेल. बोलायची कमी, पण बोलली की त्यावर दुसरं कोणी बोलत नसे.

डोंगराच्या घळीत चर खणताना एक दिवस तिची कुदळ ओलीत घुसली. तिनं मूठभर माती काढून नाकाला लावली.

"गार्डसायेब, हितं पानी हाय," ती म्हणाली.

आखणीप्रमाणे चर तिथून सरळ पुढं जायचा होता. मी आखणी बाजूला ठेवली. तीन दिवस सगळ्यांनी तिथंच खणलं आणि चौथ्या दिवशी कातळाच्या फटीतून पाणी झिरपायला लागलं. भाकरी खाऊन होईस्तोवर एक हंडा भरेल एवढी धार. आम्ही दगड रचून खाली कुंड केलं. बायांनी त्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांडण सुरू झालं.

वरच्या आळीतले दोन म्हातारे काठ्या टेकत घळीत आले. पाणी कमी आहे, तेव्हा आधी गावानं भरावं आणि उरेल ते वस्तीनं न्यावं, असं त्यांचं म्हणणं. त्यात नवीन काही नव्हतं. लहानपणापासून मी हेच ऐकत आलो होतो. पण आज मी सरकारचा माणूस म्हणून उभा होतो. मी म्हणालो, "ही राखीव जंगलाची हद्द आहे. इथं गाव आणि वस्ती असं काही नाही."

"तुमी तर तसंच म्हननार," एक म्हातारा म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

मी काही बोलायच्या आत आत्या पुढं आली. कमरेवर रिकामा हंडा होता. "आण्णा, खनताना ही रांग कशी हुती? माझ्या म्होरं वस्तीतली ही, माझ्या मागं ती. घमेलं हिच्या हातातनं माझ्या हातात येत हुतं. तवा कुनी न्हाई म्हनलं? खनताना जी रांग, तीच भरताना."

म्हातारे काठ्या टेकत उतरून गेले. रांग लागली. माझा नंबर बराच मागं होता. माझी कळशी भरली तेव्हा पुढची बाई वस्तीतली होती आणि मागची पाटलाच्या घरातली. त्या दिवशी मी खोलीवर जाऊन आईला पत्र लिहिलं. एवढंच लिहिलं, की इथं पाण्याची सोय झाली आहे, काळजी नको.

झरा लागून आठवडा झाला नसेल, कुंडाभोवतीच्या ओल्या मातीत खुरं दिसायला लागली. सगळा डोंगर कोरडा पडल्यावर जनावरं दुसरीकडे जाणार कुठं? आधी ती रात्री येत. मग तहान भीतीपेक्षा मोठी झाली आणि भरदुपारी हरणं समोरच्या उतारावर येऊन उभी राहू लागली. बाया हंडे भरत असायच्या आणि हरणं पलीकडून टक लावून बघत असायची. पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं. मटण चालत दाराशी आलंय म्हणायचे. मी दम दिला, तर हसायचे.

एका सकाळी आम्ही कामावर पोचलो, तर घळीच्या तोंडाशी तारेच्या फासात एक मादी अडकून मेलेली. फास कुणाचा ते टोळीतल्या अर्ध्या लोकांना माहीत होतं, तो लावणाऱ्या पोराचा बाप तिथंच उभा होता. मेलेल्या मादीचं आचळ दुधानं तटतटलं होतं. वर झुडपात कुठंतरी पाडस असणार. बाया गोळा झाल्या. आत्या खाली बसली, तिनं मादीच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकुरवाळी हुती गं."

वन्यप्राण्यांसाठी नवा कायदा आल्याचं ऑफिसातून कळलं होतं. मी पंचनामा करायला हवा होता. नाही केला. खात्याच्या हिशेबात ही माझी चूक, आणि ती मी आज कबूल करतो. मला वाटलं, दुष्काळात एका पोराला कोर्टात उभं केलं तर गाव पुन्हा कुऱ्हाडीच्या काळात जाईल आणि पुढचा फास मला दिसणारही नाही. मी फक्त विचारलं, "आता काय करायचं, तुम्हीच सांगा."

त्या दिवशी दुपारी सुकडी खाताना बाया एकीकडे बसल्या आणि बराच वेळ त्यांची कुजबुज चालली. मग आत्या माझ्याकडे आली. "आमचं ठरलंय. डोंगराची सावली कुंडाला टेकली, की आमचा हंडा बंद. मंग झरा हरनांचा. सकाळच्याला उजाडल्यावर पुन्ना आमचा. कुत्रं वर आनायचं न्हाई, फास लावायचा न्हाई. ज्याच्या घरातला फास घावंल, त्याच्या घराला पानी बंद."

"पुरुषांना विचारलं का?" मी म्हणालो.

"पानी कोन भरतंय? आमी. मंग त्यास्नी कशापायी इचारायचं?"

नियम करणं सोपं असतं. मला त्या बायांचा अभिमान वाटतो तो त्यांनी तो पाळला म्हणून. तो उन्हाळा असा होता, की घरातल्या लेकराला ओंजळभर पाणी कमी पडायचं. तरी सावली टेकली की भरलेलं कुंड मागं सोडून त्या उतरायच्या. पाळीपाळीनं दोघीजणी वाटेवर बसायच्या, कुणाचं कुत्रं चढू नये म्हणून. मी वरच्या खडकाआड बसून बघायचो. आधी एक नर पुढं यायचा, बराच वेळ थांबायचा, मग बाकीची. एकदा बायांनाही मी तिथं नेलं. दहा-बाराजणी तोंडावर पदर धरून बसल्या. एक पाडस पाण्यात पाय घालून दचकलं, तशी एकीला हसू आवरेना आणि सगळा कळप उधळला. बाकीच्या तिला खाली पोचेपर्यंत बोलत होत्या.

ही बातमी पसरायची ती पसरलीच. एक ठेकेदार होता, कंपन्यांना माणसं पुरवायचा. त्याची जीप गावात आली की जावई आल्यासारखी धावपळ व्हायची, कारण त्यानं चिठ्ठी दिली की पोरगा कंपनीच्या गेटातून आत जायचा. आत्याच्या पोराला त्यानं येत्या सोमवारी बोलावलं होतं. तिनं सुकडीतली मूठभर मला दिली होती, पेढा समजा म्हणून.

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी दुपारी, मी डोंगराच्या पलीकडे वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा, म्हणजे जाळरेषा, बघत होतो. एक बाई धापा टाकत आली. ठेकेदार दोन पाहुणे घेऊन आलाय, जीप घळीच्या तोंडाशी लावलीय, बंदूक आहे. मी धावत सुटलो.

मी पोचलो तेव्हा ठेकेदार आणि पाहुणे झाडाखाली सतरंजी टाकून बसले होते आणि सावली कुंडापासून दोन हातांवर आली होती. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या.

"या गार्डसाहेब," ठेकेदार म्हणाला. "आम्ही नुसतं बघायला आलोय. बाकी यांची जायची वेळ झाली ना? नियम आहे म्हणे यांचा."

त्याला नियम पक्का ठाऊक होता. बाया गेल्या की हरणं येणार, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. मी त्याला सांगितलं, की राखीव जंगलात बंदूक आणणं हाच गुन्हा आहे. तो हसला आणि म्हणाला, खेडला तुमच्या साहेबाशी बोलतो मी. माझ्याजवळ एक काठी होती. मदत आणायची तर खेड बरंच लांब होतं.

आत्यानं सावलीकडे पाहिलं, मग बायांकडे. हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मला वाटलं, त्या कुंडाभोवती ठाण मांडून बसणार. पण मग हरणं तहानलेली राहिली असती, आणि ते त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी कुंडातलं पाणी हंड्यांत भरलं आणि घळीतून वर, डोंगराच्या खांद्यापलीकडे रांग लावली. तिकडे कातळात एक खोलगट जागा होती. हंडा हातोहात वर जायचा, रिता होऊन खाली यायचा. चर खणताना घमेली जायची, तसाच. हरणांचा कळप त्या बाजूच्याच उतारावर असायचा. खाली कुंडात तळाचा चिखल दिसायला लागला तेव्हा ठेकेदाराच्या लक्षात आलं, काय चाललंय ते.

तो उठला आणि बंदूक घेऊन खांदा चढू लागला. वर पोचला, तेव्हा पन्नास-साठ पावलांवर एक नर मान वर करून उभा होता. ठेकेदारानं बंदूक खांद्याला लावली. त्याच क्षणी वरच्या बायांनी हातातले हंडे दगडावर आपटायला सुरुवात केली. काय आवाज झाला तो! सगळी घळ तांब्यापितळेनं दणाणली. नरानं उडी घेतली, बार झाला आणि गोळी कातळावर आपटून ठिकरी उडाली. हरण गेलं होतं.

पुढचं फार भराभर झालं. बाया खाली उतरल्या आणि जीपच्या पुढं आणि मागं फतकल मारून बसल्या. मी हात पुढं करून बंदूक मागितली. ठेकेदार शिव्या देऊ लागला. पण पाहुण्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ होते, ते शरमले होते. "द्या हो त्यांना," ते म्हणाले, "या बायांच्या अंगावरून गाडी नेणार आहात का?" बंदूक माझ्या हातात आली. इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं.

मी तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहायला घेतला. पंच हवे होते. गावातून आता पुरुषही आले होते, पण लांब उभे राहिले. त्यांचं मला कळत होतं. प्रत्येकाच्या घरात एखादा पोरगा त्या चिठ्ठीकडे डोळे लावून बसलेला होता.

ठेकेदार आत्याला म्हणाला, "आत्या, सोमवारी तुझ्या पोराला बोलावलंय. विसरलीस काय?"

तिचा पोरगा तिथंच होता, पुरुषांच्या घोळक्यात. त्यानं मान खाली घातली. आत्या जीपपुढून उठून माझ्यापाशी आली.

"इसरली न्हाई," ती म्हणाली. "गार्डभाऊ, शाई आना."

तोवर मी गार्डसायेब होतो. तिनं अंगठा उठवला, तिच्यामागून वस्तीतल्या एकीनं, मग पाटलाच्या सुनेनं तर सही केली. मग एकीमागून एक पुढं येत राहिल्या. दोनच पंच लागतात, हे मी त्यांना सांगितलंच नाही.

खटला खेडच्या कोर्टात उभा राहिला. साक्षीच्या दिवशी आत्या धुवट लुगडं नेसून आली. ठेकेदाराच्या वकिलानं तिला विचारलं, "बाई, तुमचा त्या हरणांशी संबंध काय?"

"शेजारी हायेत," ती म्हणाली.

कोर्टात हशा पिकला. वकिलानं पुन्हा विचारलं, "गोळी हरणावर झाडली की हवेत, हे तुम्हाला कसं कळलं?"

"हवा मारायला मानूस इतका डोंगर चढत न्हाई, सायेब."

या वेळी न्यायाधीशही हसले. ठेकेदाराला दंड झाला, बंदूक सरकारजमा झाली. शिक्षा म्हणून फार मोठी नव्हती. पण आमच्या भागात असा माणूस अशा कारणासाठी कोर्टाची पायरी चढलाय, हेच लोकांना नवल होतं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि अहवाल लिहायला सांगितला. 'केलेली कार्यवाही' या रकान्यात मी लिहिलं, "कार्यवाही गावातील महिलांनी केली. वनरक्षक हजर होते." कारकुनानं ते खोडून 'ग्रामस्थांचे सहकार्य लाभले' असं करायला सांगितलं. मी ऐकलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी लिहिलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच असेल.

आत्याला त्याची झळ बसायची ती बसली. सोमवारी पोरगा गेटवर गेलाच नाही, जाऊन उपयोग नव्हता. कितीतरी दिवस तो आईशी बोलत नव्हता. ती कामावर यायची आणि दिवसभर खणायची. मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटे. एकदा मी तसं म्हणालो, तर म्हणाली, "भाऊ, तुमी कशाला? अंगठा माझा हाय." दीड वर्षानं पोराला भोसरीच्या एका वर्कशॉपात हेल्परचं काम मिळालं, कुणाच्या चिठ्ठीशिवाय. पहिल्या सुट्टीला तो गावी आला आणि आईबरोबर घळीत गेला. कुंडाचे दगड ढासळले होते, ते त्यानं दिवसभर बसून नीट रचले. मायलेकरांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण उतरताना दोघं बरोबर उतरली.

दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं. आता झऱ्यावर जायची गावाला गरज उरली नाही. मला वाटलं होतं, नियमही सरेल. तो सरला नाही. गवत कापायची वेळ त्यांनीच ठरवली, उन्हाळ्यात वणवा लागला की माझ्याआधी गाव झाडाच्या फांद्या घेऊन वर पळायचं. कंपनीत लागलेली पोरं साप्ताहिक सुट्टीला येऊन जाळरेषा काढू लागली. ज्या पोरानं तो तारेचा फास लावला होता, तो यात सगळ्यांत पुढं असे. त्याला त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. बैठका, कमिटी असलं काही नव्हतं. मला बघून कुणी पारावरून उठून जात नव्हतं एवढं खरं.

ऐंशीच्या आसपास माझी बदली व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडच्या एका गावातून सात-आठ बाया आल्या. त्यांच्याकडे खात्यानं एक पाणवठा बांधला होता आणि तिथं शिकारीचा सुळसुळाट झाला होता. त्यांनी मला विचारलं, गार्डसाहेब, तुम्ही या गावाला कसं वळण लावलं? मी त्यांना आत्याच्या दारात नेऊन उभं केलं.

आत्या आता थकली होती, काठी घेऊन चालायची. तिनं त्यांना आत बसवलं, चहा केला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्यात पानी भरायला सगळ्या आळ्या येकाच रांगंत हुभ्या ऱ्हात्यात का?"

"न्हाई, आधी गाव भरतं, मंग वस्ती," त्यातली एक म्हणाली.

"मंग आधी त्ये करा," ती म्हणाली. "हरनांचं मागनं बघू. चला, झरा दावते तुमास्नी."

आणि काठी उचलून ती डोंगराच्या वाटेला लागली. त्या सात-आठ जणी तिच्या मागं, आणि त्यांच्या मागं मी.